तुझा कॉलम अजून ठिबकतोय

दत्ता,

तुझ्या मयताला जमलेली गर्दी बघून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते तुला सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. मला हेवा वाटला. पंचगंगेवर पाय ठेवायला जागा नव्हती. बावड्यातली तुझी सगळी भावकी, साखर कारखान्यातली माणसं, कॉलेजचा झाडून सगळा स्टाफ, आणि तू स्वतः नापास केलेली पोरं. तीच सगळ्यांत जास्त रडत होती. मी कडेला उभा राहून मनात म्हणत होतो, माझ्या वेळी यातली निम्मी तरी येतील का? डोळ्यांना धार लागली होती आणि डोक्यात हे चाललं होतं. तू शेजारी असतास तर कोपरानं ढोसून म्हणाला असतास, "मिल्या, आता तरी माझ्याशी बरोबरी सोड की लेका." नाही सोडत.

प्राचार्यांनी कॉलेजच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली होती, ती लिहून दिली. जन्म, शिक्षण, संशोधन, 'हसतमुख व्यक्तिमत्त्व', 'विद्यार्थिप्रिय प्राध्यापक', 'कधीही भरून न येणारी पोकळी', सगळं घातलं. तू वाचलं असतंस तर पोट धरून हसला असतास. हे लिहितोय ते अंकासाठी नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते मिटायच्या आधीच तू उठून गेलास. नेहमीचंच तुझं. चहाच्या गाडीवर वाद रंगात आला की तुला कुणीतरी हाक मारायचं, तू जायचास, आणि मी माझं शेवटचं वाक्य तोंडात धरून बसायचो.

परवा घरी शोभानं विचारलं, "तुम्ही दोघं एवढी वर्षं कॉलेजच्या त्या मागच्या खोलीत नक्की करत काय होता?" बायकोनं आपण होऊन विचारलं म्हणून मी हुरळलो आणि सविस्तर सांगायला बसलो. म्हटलं, चहापत्तीची फडक्यात पुरचुंडी बांधून उकळली तर चहा उतरतो आणि पत्ती गाळावी लागत नाही, तसंच आमचं. बॅक्टेरिया मोकळे सोडले की पाण्यात मिसळून जातात, मग गाळत बसायचं. म्हणून त्यांना अल्जिनेट नावाच्या चिकट द्रावणात कालवायचं आणि सिरिंजमधून थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचं. पडल्या पडल्या थेंब घट्ट होतो, साबुदाण्याएवढा मणी तयार होतो, आणि बॅक्टेरिया जिवंतच आत कोंडले जातात. ते मणी काचेच्या उभ्या नळीत भरायचे. त्या नळीला आम्ही कॉलम म्हणतो. वरून लवंगेच्या तेलापासून बनवलेलं एक रसायन पाण्यातून सोडलं की मण्यांतले बॅक्टेरिया त्याचं व्हॅनिलीन करतात, म्हणजे आइस्क्रीमला ज्याचा वास येतो ते. वरून लवंग घालायची, खालून व्हॅनिला ठिबकणार. आणि तेच मणी पुन्हा पुन्हा वापरायचे.

शोभानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे दत्ताभावजींनी मागंच सांगितलं होतं मला. भाकरी थापता थापता ऐकलं आणि एका दमात कळलं. मला वाटलं, तुम्ही आणखी दुसरं काहीतरी करत असाल." बघ. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या बायकोला, माझा विषय तू माझ्या आधी शिकवून गेलास.

तो बॅक्टेरिया तरी कुणाचा, यावरून आपण किती भांडलोय. एम.एस्सी. संपवून आपण दोघं सरांकडे संशोधनाला लागलो तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. सरांना लवंगेतलं रसायन पचवणारा बॅक्टेरिया हवा होता. तू म्हणालास, रंकाळ्याचं पाणी आणू. तुझं सगळं रंकाळ्यापासून सुरू व्हायचं. मी म्हणालो, उन्हाळाभर चटणी कांडायचे डंक धडधडत असतात, त्यांच्या मागं वर्षानुवर्षं लवंग, दालचिनी, मिरची मातीत मुरतेय, तिथल्या बॅक्टेरियांना लवंगेची सवय असणार. ही कल्पना माझी होती, दत्ता. एकदा कुठंतरी लिहिलेलं असू दे. आपण बावड्यातल्या एका डंकामागं खुरपं घेऊन बसलो तर डंकवाली बाई अंगावर आली, "काय रं, आता मातीची बी चोरी कराया लागला व्हय?" तू तिला मावशी म्हणालास, तिच्या माहेरचं गाव विचारलंस, आणि बघता बघता तिनं चहा टाकला. मी बाहेर मिरचीच्या खकाण्यात शिंकत उभा होतो. मग लॅबमध्ये आपण दोघांनी त्या मातीतले बॅक्टेरिया वाढवायला काचेच्या प्लेटा घातल्या. माझ्या बघण्यासारख्या होत्या, लेबलं लावलेल्या, ओळीत मांडलेल्या. तुझ्या एका प्लेटेचं झाकण तिरकं राहिलेलं. कल्पना माझी, माती दोघांनी आणलेली, पण लवंगेवर वाढला तो तुझ्या तिरक्या झाकणाखाली. सरांनी तुझी पाठ थोपटली आणि मला म्हणाले, "मिलिंद, याची प्लेट नीट जपून ठेव, हा हरवेल."

मण्यांचंही तेच. सरांनी दोघांना आपापले मणी करायला सांगितलं. मी पुस्तक उघडून बसलो. बॅक्टेरियांना आंबटपणा वाढलेला सोसत नाही, म्हणून मणी फॉस्फेटच्या द्रावणात धुतले आणि त्यातच बुडवून ठेवले. तुझ्याकडे साधं डिस्टिल्ड पाणीसुद्धा नव्हतं, कारण यंत्र बिघडलं होतं. तू हॉस्टेलच्या बोअरचं पाणी बादलीनं आणलंस, त्यात मणी ढकललेस आणि पिक्चरला निघून गेलास. मी तुला बोललोही होतो, की हे पाणी भांड्यांवर पांढरा थर चढवतं, यात कुणी प्रयोग करतं का? सकाळी येऊन बघतो तर माझ्या बाटलीत मणीच नाहीत. नुसती साबुदाण्याची खीर. तुझे मात्र वाळल्या वाटाण्यासारखे टणक. सर दोन्ही बाटल्या हातात धरून हसत सुटले. मग त्यांनी समजावून सांगितलं, की मणी धरून ठेवतं ते कॅल्शियम, फॉस्फेट नेमकं तेच ओढून घेतं, आणि बोअरच्या पाण्यात तर चुनाच चुना. त्या दिवसापासून सरांच्या लॅबमध्ये मणी बोअरच्या पाण्यात धुवायची रीत पडली. बाहेरून कुणी बघायला आलं की सर कौतुकानं सांगायचे, "ही आमच्या दत्ताची पद्धत."

आणि पुढं आपण दोघं एकाच कॉलेजात शिकवायला लागल्यावर तू तरी कुठं सोडलंस? दर वर्षी नव्या पोरांसमोर तेच. "मिलिंदसरांनी पुस्तक वाचून इरघळवलं, म्या न वाचता टिकवलं!" पोरं हसायची. मीही हसायचो. आतून माझा तीळपापड व्हायचा.

मला पुस्तक का लागायचं, हे तुला कधी कळलंच नाही. कुरुंदवाडच्या आमच्या वस्तीतला पहिला एम.एस्सी. मी. बाबा हायस्कुलात शिपाई, आणि ज्या दिवशी मी लॅबमध्ये पाऊल ठेवलं त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "बघ हां, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवू नकोस." बौद्धांच्या घरातला पोरगा चुकला की चूक त्याच्या एकट्याची राहात नाही. 'ह्यांचं असंच' म्हणायला माणसं टपलेलीच असतात, तेव्हाही होती आणि आजही आहेत. तू चुकलास की नुसता दत्ता चुकायचा. उलट म्हणायचे, गडी दिलदार आहे. झाकण तिरकं ठेवायची चैन मला कधी परवडली नाही. तुझ्यावर मी सगळ्यांत जास्त जळलो असेन तर ते तुझ्या यशावर नाही, तुझ्या त्या बेफिकिरीवर. एकदा मी हे तुला बोलून दाखवलं तर तुझं उत्तर काय? "आरं, कोण काय म्हणतंय? नाव सांग, आत्ता जाऊन इचारतो." तू खरंच गेला असतास. जाऊन विचारता येतं, याचाही मला हेवा वाटला.

तुझ्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा, खरं सांगतो, चहा कुठल्या कपातून येतो यावर माझं लक्ष होतं. तुझ्या आईनं, आक्कांनी, सगळ्यांसारख्याच कपात दिला. वर माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाल्या, "किती वाळलाईस रं! दत्त्या, ह्येला दूध देत जा की हिकडनं." आणि दुसऱ्या दिवसापासून तू दुधाची बाटली आणायला लागलास. दुपारी डबा उघडला की अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवायचास, विचारायचाही नाहीस. मी खायचो आणि खाता खाता जळायचो. देणारा हात नेहमी तुझाच कसा, असं वाटायचं. माझ्या आईनं सणाला खीर केली की मी डबा भरून आणायचो, तर तू त्यातली चमचाभर खाऊन बाकीची पोरांना वाटायचास आणि त्याचंही कौतुक तुझंच व्हायचं.

आपलं खरं भांडण लागलं ते चहाच्या गाडीवर, गेल्या वर्षी. तुला आठवतंय, पण मी पुन्हा सांगतो, कारण तू ते नेहमी तुझ्या सोयीनं सांगायचास. मी म्हणत होतो की मण्यांतल्या बॅक्टेरियांना लवंगेच्या पाण्याबरोबर थोडं खाणंही दिलं पाहिजे, पेप्टोन, यीस्टचा अर्क, काहीतरी. तू म्हणालास, "खायला घातलं की ती वाढत्यात, मणी फोडून भाईर पडत्यात, कॉलम तुंबतोय. मग काम कोण करणार? उपाशी ठेव. काम झ्याक करत्यात."

"ते काम करत नाहीत, दत्ता. ते मरायला वेळ लावतायत."

"पण व्हॅनिला देत्यात का न्हाय?"

"आणि संपले की?"

"संपले की नवं मणी. डंकामागं माती कमी हाय व्हय?"

तेव्हा माझ्या तोंडून ते गेलं. मी म्हणालो, "उपाशी ठेवलं की काम चांगलं होतं, हे बोलायला घरी दुभती म्हैस लागते." तू कप खाली ठेवलास. मग म्हणालास, "म्हंजे? म्या तुला कधी उपाशी ठिवला का, मिलिंद?" मिल्या नाही म्हणालास, मिलिंद म्हणालास. मी उत्तर द्यायच्या आत तुला कुणीतरी हाक मारली. या वेळी मला बरंच वाटलं. उत्तर साधं होतं. नाही ठेवलास, कधीच नाही. पण ते म्हणालो असतो तर आभार मानल्यासारखं झालं असतं, आणि ते मला जमणार नव्हतं.

आठवडाभर आपण एकमेकांशी कामापुरतं बोललो. मग एके दिवशी तू दोन रिकामे कॉलम घेऊन माझ्या टेबलाशी आलास. "मर्दा, तोंडानं भांडून काय उपेग? लाव पैज." एकाच खेपेला केलेले मणी दोन्हींत भरायचे. तुझ्यात नुसतं लवंगेचं पाणी, माझ्यात खाण्यासकट. रोज सकाळी दोन्हींच्या खालचा थेंब प्लेटवर ठेवायचा आणि औषध फवारायचं. व्हॅनिलीन असेल तर नारिंगी ठिपका उमटतो. ज्याचा ठिपका आधी नाहीसा होईल तो हरला. दुसऱ्याच्या कॉलमला खाणंपिणं, धुणं, काही करायचं नाही. जो हात लावील तो तिथंच हरला. आणि हरणाऱ्यानं स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, 'तुझं बरोबर.' इतक्या वर्षांत हे दोन शब्द आपण एकमेकांना एकदाही म्हटले नव्हते. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचे होते, दत्ता. दुसरं काही नको होतं. पेपर छापून आले, तुझं नाव माझ्या आधी लागलं, तेही मी सोडून दिलं असतं.

हवेला मात्र दोघांचा एकच पंप होता, माशांच्या टाकीचा. लोडशेडिंग सुरू झालं की तो बंद पडायचा आणि मण्यांचा जीव घुसमटायचा. तू शेतावरून ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणलीस. वीज असेल तेव्हा ती फुगवून ठेवायची आणि वीज गेली की नळीवरचा चिमटा सैल करून हळूहळू हवा सोडायची. दोन्ही कॉलमला सोडायचास. माझ्याही. मी तुझ्या जागी असतो तर माझा चिमटा विसरलो असतो की काय, कुणास ठाऊक. तू शीळ वाजवत दोन्ही चिमटे सैल करायचास, आणि त्या शिळेचासुद्धा मला राग यायचा.

मग तुला दवाखान्यात ठेवलं. आजाराचं नाव मी इथं लिहीत नाही, अंकात लिहिलंय. रोज संध्याकाळी मी ठिपक्यांची खबर घेऊन यायचो. तू सलाईनकडं बघत पडलेला असायचास. आपण कॉलमला तोच सलाईनचा सेट लावतो ना, धार कमीजास्त करायला, त्यामुळं तुझं सगळं लक्ष थेंबांवर. "ह्यो सेट आपल्यापेक्षा झ्याक सुटतोय. जाताना एक मागून ने." वहिनी तोंडाला पदर लावून हसायच्या आणि लगेच खिडकीकडं वळायच्या.

"माझा ठिपका?"

"गडद आहे."

"आन् तुझा?"

"फिका. मणी फुगलेत. पाणी गढूळ येतंय."

तू इतका हसलास की नर्स धावत आली. तोंड पिवळं पडलेलं, हाताला सुया, आणि हा माणूस मला हरवून खूश. त्या क्षणी मी तुझ्यावर जळत होतो. तुझी ती अवस्था असतानाही. खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं, पण तुझ्यासमोर ठिपक्याचं खोटं बोलायला जीभ वळली नाही. निघताना तू माझा हात धरलास. "ऐक. म्या नसलो तरी माझ्या कॉलमला काय बी करायचं न्हाय. फकस्त वरची बाटली भरायची. खायला घातलंस तर बघ."

"नसलो तरी म्हणजे काय रे?"

"म्हंजे रजेवर, लेका."

त्याच आठवड्यात तू गेलास.

रक्षाविसर्जन उरकून मी सरळ लॅबवर आलो. तुझी वरची बाटली तळाला लागली होती. भरली. तुझं नाव लिहिलेली चिकटपट्टी कॉलमवर तशीच आहे, तिरकी. नंतरच्या दिवसांत माझा कॉलम सावरला. मी तो खालून उलटं पाणी सोडून मोकळा केला, आत नव्या पिढ्या वाढल्या, ठिपका परत चढला. आणि तुझा उतरायला लागला. रोज थोडा. आधी संत्र्यासारखा, मग पिवळसर, मग उजेडाकडं धरला तरच दिसणारा. मधल्या सुट्टीत केमिस्ट्रीचे एक सर म्हणाले, "काय मिलिंदसर, जिंकलात म्हणायचं आता." खोटं कशाला बोलू, ऐकून मला आनंद झाला. अगदी आतून झाला. एवढ्या वर्षांचा उपास सुटल्यासारखं वाटलं. मी हसून मान वर केली ती नेमकी तुझ्या खुर्चीकडं, तुझं पडलेलं तोंड बघायला. खुर्चीवर कुणाच्या तरी उत्तरपत्रिका ठेवल्या होत्या.

शनिवारी आक्का आल्या. तुझ्या कपाटातल्या वस्तू न्यायला वहिनींबरोबर आल्या होत्या, पण वहिनी ऑफिसात थांबल्या आणि त्या काठी टेकत मागच्या खोलीत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "दत्त्याचं काय हाय हितं?" मी कॉलम दाखवला. त्यांनी काचेवर हात ठेवला.

"ह्यात त्येचं किडं हायती?"

"व्हय आक्का."

"जित्ती?"

"अजून हायती."

"मग खात्यात काय?"

म्हटलं, "दत्तानं सांगितलंय, खायला घालायचं नाही म्हणून."

"आन् तू ऐकलास?" त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मीच शाळेतलं पोर. "शिवरात्रीला मोठ्या तोऱ्यात उपास धरायचा, आन् दुपार झाली की चुलीम्होरं येऊन बसायचा. त्येचं काय ऐकतोस? उपाशी ठिवत्यात व्हय कुणी जित्त्या जिवाला?" मग पदरानं काचेवरचा हाताचा ठसा पुसला आणि म्हणाल्या, "तुझं तू बघ बाबा. मला काय कळतंय त्यातलं."

त्या गेल्यावर मी स्टुलावर बसलो. हिशोब सोपा होता. सोमवारी नाही तर मंगळवारी तुझा ठिपका जाणार, मी जिंकणार. सगळ्या कॉलेजला पैज माहीत आहे. हात लावायचा नाही ही तुझी शेवटची आज्ञा, म्हणजे मी नुसता गप्प बसलो तरी वचन पाळलं असं झालं असतं. गप्प बसून जिंकायची अशी संधी मला जन्मात मिळाली नव्हती. मी स्वतःला सांगत होतो, बस, मिलिंद, काही करू नकोस. आणि तुझ्या कॉलममधून थेंब पडत होता. मी वाकून वास घेतला. व्हॅनिला जवळजवळ नव्हता, नुसती लवंग जशीच्या तशी खाली येत होती. दवाखान्यात शेवटी शेवटी तू माणसं ओळखेनासा झालास, तेव्हा तुझ्या तोंडावर जे होतं, ते मला दिसलं. मला रडू कोसळलं. घाटावर रडलो होतो ते चारचौघांतलं होतं, हे तसं नव्हतं.

मी उठलो, पेप्टोन तोललं, यीस्टचा अर्क घातला, बोअरच्या पाण्यात विरघळवलं आणि तुझ्या वरच्या बाटलीत ओतलं. "शिव्या घाल," मी मोठ्यानं म्हणालो, "पण खा."

सोमवारी काही नाही. मंगळवारी काठावर पिवळी छटा. बुधवारी सकाळी फवारा मारला आणि ठिपका समोर उभा, नारिंगी, धडधडीत. मी लॅबमध्ये एकटाच ओरडलो. दत्ता, म्हणजे माझंच बरोबर होतं! खायला घातलं की उठतात. हे तुला कळलं असतं तर तू काय तोंड केलं असतंस, कुठली पळवाट काढली असतीस, ते बघायला मी काहीही दिलं असतं. पण बघायचं होतं ते तुझं तोंड, आणि तेच नाही. दुसऱ्या कुणाला हे पटवून मला काय करायचंय?

आणि नियम म्हणजे नियम. दुसऱ्याच्या कॉलमला जो हात लावील तो हरला. तूच केलेला नियम.

आज मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये उभा राहिलो. सगळे चहा पीत होते. म्हणालो, "आमची पैज संपली. मी दत्ताच्या कॉलमला हात लावला, म्हणजे मी हरलो. दत्ता, तुझं बरोबर." पूर्ण म्हणालो. मग एकानं टाळी वाजवली, मागून सगळ्यांनी. केमिस्ट्रीचे सर डोळे पुसत म्हणाले, "काय माणूस होता दत्ता!"

उभा मी होतो, दत्ता, आणि टाळ्या तुला पडल्या.